आयर्लंडच्या शेवटच्या राजाधिराजाची कबर काँगमध्ये नाही

रोरी ओ'कॉनर हा आयर्लंडचा शेवटचा राजाधिराज मेयो परगण्यातल्या काँगच्या मठात पुरला आहे, असं पर्यटकांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते बरोबर नाही. तो दफन झाला शॅनन नदीकाठच्या क्लॉनमॅकनॉइजच्या जुन्या मठात, म्हणजे आजच्या ऑफली परगण्यात.

समज पसरण्याचं कारण सरळ आहे. 1175 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचं वर्चस्व मान्य केल्यानंतर रोरीची सत्ता आक्रसत गेली, पुढे घरातलेच लोक उलटले. अखेरची वर्षं त्याने काँगमध्ये काढली आणि 1198 मध्ये तिथेच प्राण सोडला. जिथे मेला तिथेच पुरला, असं लोकांनी धरून चाललं.

आयरिश बखरी मात्र स्पष्ट आहेत: त्याला क्लॉनमॅकनॉइजच्या मोठ्या चर्चमध्ये, वेदीच्या उत्तरेला दफन केलं. 1207 मध्ये अस्थी बाहेर काढून दगडी पेटीत ठेवल्याचीही नोंद आहे. त्याचा बाप टर्लो 1156 मध्ये वारल्यावर त्यालाही इथेच आणलं होतं. हा मठ स्थापणाऱ्या संत किरनच्या सान्निध्यात मूठमाती मिळावी, ही त्या काळच्या राजांची मोठी आस होती, आणि माझ्या मते रोरीचा शेवटचा प्रवास त्याशिवाय कळतच नाही.

राजघराण्यांचा हा संबंध त्याहून जुना. तिथला कोरीव क्रूस सुमारे चार मीटर उंच, एकाच वालुकाश्मातला. त्यावरच्या झिजलेल्या लेखात 916 मध्ये वारलेल्या राजा फ्लॅनसाठी प्रार्थना मागितली आहे. मूळ क्रूस आता तिथल्याच पर्यटक केंद्रात, छपराखाली आहे. कबरींमध्ये उभी आहे ती प्रतिकृती.