मेंथॉल: पानावरच्या ग्रंथीतून जगाच्या बाजारात

टूथपेस्ट, खोकल्याची गोळी, डोकेदुखीचा बाम, च्युइंगगम आणि उन्हाळ्यात अंगाला लावायची गार पावडर या वस्तू एकमेकींपेक्षा कितीही वेगळ्या असल्या, तरी त्यांतला गारवा एकाच पदार्थाचा असतो, तो म्हणजे मेंथॉल. जगात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक मेंथॉलपैकी सुमारे चार पंचमांश मेंथॉल भारतात तयार होते. त्याचा मोठा वाटा उत्तर प्रदेशातील बाराबंकी, संभल, बदायूं, रामपूर अशा मोजक्या जिल्ह्यांतील लहान शेतकऱ्यांच्या शेतांतून येतो. एवढ्या मोठ्या उद्योगामागची शेती आणि तिच्यामागचे संशोधन आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

हे पीक म्हणजे आपल्या चटणीतला पुदिना नव्हे. स्वयंपाकघरातल्या पुदिन्याच्या वासात मेंथॉल जवळजवळ नसतेच. तो वास प्रामुख्याने कार्व्होन नावाच्या रेणूचा असतो. याच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी रचना बाळंतशेपेत आणि शहाजिऱ्यात आढळते. अणू तेच, त्यांची जोडणीही तीच, केवळ अवकाशातली मांडणी उलटी. पण आपले नाक त्या दोहोंना पूर्णपणे वेगळे ओळखते. शेतात तेलासाठी लावला जातो तो मेंथा अर्व्हेन्सिस, म्हणजेच जपानी पुदिना. त्याच्या तेलात ७० ते ८० टक्के मेंथॉल असते. पेपरमिंटच्या तेलात हे प्रमाण साधारण निम्मेच असते, मात्र त्याची चव अधिक नाजूक असल्यामुळे मिठाई आणि चॉकलेटसाठी त्याला वेगळी मागणी असते.

पुदिन्याचे कुल, म्हणजे लॅमिएसी, मराठी माणसाच्या अंगणात आणि माजघरात सर्वत्र आहे. तुळस, सब्जा, वेणीत गुंफला जाणारा मरवा आणि पाच, भजीसाठी तोडला जाणारा पानओवा ही सगळी त्याच कुलातली. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने आणि दोन ओठांसारखे फूल ही त्यांची ओळख. रेणवीय अभ्यासानंतर निर्गुडी आणि चक्क आपला सागही याच कुलात धरला जाऊ लागला आहे. सुमारे सात हजार जातींच्या या कुलात सुगंधी वनस्पती इतक्या का, याचे उत्तर पानाच्या पृष्ठभागावर सापडते.

पुदिन्याचे पान साध्या भिंगाखाली धरले तर त्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका ही एक तेलग्रंथी असते. तिच्या तळाशी साधारण आठ पेशींची चकती असते. या पेशी तेल तयार करतात आणि ते वरच्या पातळ पापुद्र्याखालच्या पिशवीत साठवतात. पान चुरगळले की पिशवी फुटते आणि वास दरवळतो. किड्याने पान कुरतडले तरी हेच घडते, आणि वनस्पतीच्या दृष्टीने तोच या साठ्याचा उपयोग असावा. तेल पेशींच्या बाहेर, बंद पिशवीत ठेवल्यामुळे त्याचा त्रास खुद्द पानाला होत नाही.

या पेशींत मेंथॉल टप्प्याटप्प्याने कसे घडते, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रॉडनी क्रोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम करून उलगडले. सुरुवातीला लिमोनिन बनते, जे संत्र्याच्या सालीतही असते. त्यानंतर एकामागून एक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने (एन्झाइम), त्या रेणूत बदल करत जातात आणि शेवटच्या पायरीवर मेंथोनचे मेंथॉल होते. ही शेवटची पायरी शेतकऱ्याच्या थेट कामाची आहे. कोवळ्या पानात मेंथोन जास्त असते आणि पान जून होत जाते तसे मेंथॉल वाढते, त्यामुळे घाईने कापलेल्या पिकाचे तेल हिणकस ठरते; उलट कापणी लांबली तर खालची पाने गळून तेलाचा उतारा कमी होतो. कधी कापायचे हा निर्णय म्हणजे शेतात केलेला रसायनशास्त्राचाच अंदाज होय.

मेंथॉल थंड वाटते, पण ते काहीही थंड करत नाही. आपल्या त्वचेत आणि तोंडात थंडी ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात. त्यांच्या पटलावर टीआरपीएम-८ नावाचे एक प्रथिन असते, आणि तापमान साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली गेले की त्यातील वाट उघडून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पेशीच्या आत शिरतात व मेंदूकडे संदेश जातो. मेंथॉल हीच वाट ऊबदार तापमानातही उघडते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या गटांनी २००२ मध्ये स्वतंत्रपणे हे प्रथिन शोधले. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदनांवरील संशोधनासाठी या दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच कारणाने चोंदलेल्या नाकाबाबतचा एक सर्वसामान्य समज तपासून पाहावा लागतो. ब्रिटनमधील कार्डिफ येथे १९८० च्या दशकात झालेल्या मोजमापांत असे दिसले की, मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्याची जाणीव माणसाला स्पष्टपणे होते, पण हवेला होणारा अडथळा प्रत्यक्षात कमी होत नाही. आराम खरा असतो, मात्र तो जाणिवेपुरता असतो. तान्ह्या बाळांच्या बाबतीत हा फरक गंभीर ठरतो. त्यांच्या नाकाशी मेंथॉल किंवा कापूरयुक्त बाम लावल्यास श्वास अचानक अडखळू शकतो, म्हणून घरातल्या ज्येष्ठांनी प्रेमापोटी सुचवला तरी हा उपाय बाळावर करू नये.

मेंथॉलच्या पिकाचा प्रवास जपानमधून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी होक्काइडो बेटावरील कितामी परिसर जगाच्या पुरवठ्यात अग्रेसर होता. युद्धानंतर ती जागा ब्राझीलने आणि पुढे चीनने घेतली. भारतात या रोपाची ओळख १९५० च्या दशकात झाली, पण ते मोठ्या प्रमाणावर पसरले ते लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, हिमालय, कोसी यांसारखे वाण दिल्यानंतर. या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटणारे संशोधन हेच आहे. कोसी हे वाण सुमारे ९० दिवसांत तयार होते, आणि रोपवाटिकेत वाढवलेली रोपे वापरली तर गहू काढल्यानंतरही त्याची लागवड करता येते. त्यामुळे गहू आणि भात यांच्यामध्ये रिकामे राहणारे शेत उन्हाळ्यात नगदी पैसे देऊ लागले. अन्नधान्य सोडून पुदिना लावा, असे अल्पभूधारकाला सांगण्याची वेळ संस्थेवर आली नाही.

कापलेला पाला काही तास सुकवून लोखंडी टाकीत भरतात. तळाशी पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर दाबून भरलेला पाला. टाकीखाली जळण म्हणून आधीच्या खेपेचा वाळलेला चोथा वापरला जातो. वाफ पाल्यातून वर चढताना तेल सोबत घेते आणि थंड पाण्यातून नेलेल्या नळीत तिचे पुन्हा पाणी होते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वर तरंगते आणि तोटीतून वेगळे काढता येते. शंभर किलो ओल्या पाल्यातून जेमतेम अर्धा ते पाऊण किलो तेल मिळते. पुढे कारखान्यात हे तेल टप्प्याटप्प्याने थंड केले की मेंथॉलचे लांब, सुईसारखे पांढरे स्फटिक वेगळे होतात, आणि उरलेले तेलही स्वादासाठी विकले जाते.

शेतातल्या या मेंथॉलला रसायनशाळेतील मेंथॉलशी स्पर्धा करावी लागते. मेंथॉलच्या रेणूची आठ अवकाशीय रूपे संभवतात आणि तीव्र गारवा त्यांपैकी एकच देते. वनस्पती नेमके तेच घडवते. कारखान्यालाही तेच हवे असते आणि खरी अडचण तिथेच येते. जपानच्या रयोजी नोयोरी यांनी विकसित केलेल्या उत्प्रेरकामुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थामुळे, ताकासागो कंपनीला १९८० च्या दशकात हे एकच रूप मोठ्या प्रमाणावर बनवता आले. नोयोरींना २००१ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जर्मनीतील एक जुनी पद्धत थायमॉलपासून, म्हणजे ओव्याच्या वासातील मुख्य रेणूपासून सुरू होते, मात्र तिथे हे थायमॉल कृत्रिम असते. बीएएसएफ या जर्मन कंपनीने २०१२ मध्ये आपला स्वतंत्र प्रकल्प सुरू केला.

त्याच वर्षी मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंज या वायदे बाजारात मेंथा तेलाच्या भावाने किलोला दोन हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता. अवघ्या दोनएक वर्षांत तो निम्म्याहून खाली आला. भाव चढले की शेतकरी क्षेत्र वाढवतात आणि मोठे ग्राहक कृत्रिम मालाकडे वळतात. या दोन्हींचा फटका पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याला बसतो. कारखान्याला वर्षभर एकसारखा भाव आणि दर्जा देता येतो, शेताला ते जमत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि माझ्या मते तो भावापेक्षा अवघड आहे. मेंथाची मुळे उथळ असतात आणि वाढीचा काळ नेमका एप्रिल ते जूनमधला, त्यामुळे पाणी वारंवार द्यावे लागते आणि ते बहुतेक भूजलातून येते. सपाट वाफ्याऐवजी वरंब्यावर लवकर लागवड करण्याची पद्धत सीमॅपने यासाठीच पुढे आणली. तिच्यात पाण्याच्या पाळ्या कमी लागतात, पीक सुमारे तीन आठवडे आधी कापणीला येते आणि जूनमधल्या पावसाने उभे पीक पाण्याखाली जाऊन पाने झडण्याचा धोका टळतो.