अणुइंधनाचा काटा : अण्वस्त्रप्रसाराला होणारा अटकाव मोजण्यामागची पार्श्वभूमी

ऊसतोडीच्या हंगामात वजनकाट्यावरून वाद उठतो, तेव्हा कोल्हापूरच्या शेतकऱ्याला खेपेमागच्या किरकोळ घटीपेक्षा हंगामाअखेरच्या बेरजेची चिंता असते. अणुइंधनाच्या हिशेबातही तसेच आहे. वर्षाला ८०० टन वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या, म्हणजे त्यातून प्लुटोनियम वेगळे काढणाऱ्या, कारखान्यात सुमारे ८ टन प्लुटोनियम निघते. मोजमापात एक टक्क्याची अनिश्चितता धरली तरी ती ८० किलो भरते, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबात एका अस्त्रापुरते प्लुटोनियम ८ किलोच आहे.

केवळ तपासणीवर विसंबता येणार नाही, अणुइंधनाच्या कामातले घातक टप्पे आंतरराष्ट्रीय मालकीत हवेत, असे अमेरिकेतील ॲचेसन-लिलिएंथल अहवालाने १९४६ मध्येच म्हटले होते. तसे झाले नाही. १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘शांततेसाठी अणू’ ही घोषणा केली, १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली आणि भर तपासणीवरच राहिला.

तपासणी पुरेशी आहे या विचाराला धक्का बसला तो १८ मे १९७४ रोजी, भारताने पोखरणमध्ये केलेल्या पहिल्या अणुस्फोटाने. मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ज्या सायरस अणुभट्टीतून त्या स्फोटाचे प्लुटोनियम आले, ती कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिच्यातले जड पाणी अमेरिकेने पुरवले होते. आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाणारी ही घटना बाहेरच्या जगात अणुसामग्री पुरवठादार देशांचा गट स्थापन होण्याचे कारण ठरली. १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी अमेरिकेतील व्यावसायिक पुनर्प्रक्रिया बेमुदत पुढे ढकलली. त्याच वर्षी सुरू होऊन १९८० मध्ये संपलेल्या आंतरराष्ट्रीय इंधनचक्र पाहणीतून निघालेला निष्कर्ष मात्र नरमच होता: केवळ तांत्रिक उपायांनी प्रश्न सुटत नाही.

म्हणून पुढे भट्टी ‘सुरक्षित की असुरक्षित’ या प्रश्नाची जागा ‘किती कठीण, किती काळ, किती खर्च आणि पकडले जाण्याची शक्यता किती’ या प्रश्नांनी घेतली. अण्वस्त्रप्रसाराला होणाऱ्या अटकावाच्या, २००२ मध्ये इटलीतील कोमो येथे ठरलेल्या व्याख्येत रोखायचा आहे तो भट्टी चालवणारा देशच. चोर किंवा दहशतवादी यांचा विचार वेगळा. चौथ्या पिढीच्या अणुभट्ट्यांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने याच विचारातून हा अटकाव मोजण्याची पद्धत घडवली आणि २०११ मध्ये तिची सहावी आवृत्ती काढली. तिच्यात अणुसामग्री अस्त्रांकडे वळण्याच्या प्रत्येक वाटेला सहा निकष लावले जातात.

घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या जैतापूरला ही व्याख्या जशीच्या तशी लागू होत नाही, कारण भारताकडे अण्वस्त्रे आधीच आहेत. तिथे प्रस्तावित असलेल्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांबाबत मोजायचे ते एवढेच, की भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी केलेल्या २००९ च्या करारानुसार तपासणीखाली येणारे इंधन लष्करी हिशेबापासून खरोखर वेगळे राहते का.