युरोपीय काँगर

पूर्व अटलांटिक व भूमध्य समुद्रातला मोठा सागरी ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा. शास्त्रीय नाव काँगर काँगर (लिनियस, १७५८), कूळ काँग्रिडी. नॉर्वेपासून सेनेगलपर्यंत आढळतो. आपल्याकडे बाजारात मिळणारी समुद्री वाम दिसायला याच वळणाची असली, तरी तिचे कूळ निराळे.

अंगावर खवले नसतात. पाठीचा पर छातीच्या परांच्या टोकापाशीच सुरू होतो आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा पुढे आलेला असतो. नदीत चढणाऱ्या युरोपीय ईलमध्ये दोन्ही खुणा उलट. लांबी ३ मीटरपर्यंत जाते. नर लहानच राहतात, त्यामुळे बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांत दबा धरून बसलेले धिप्पाड काँगर माद्याच समजाव्यात. १९९५ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ गळाला लागलेला एक काँगर ६० किलोंवर भरला.

दिवसा कपारीत, रात्री शिकारीला: मासे, खेकडे, माकुल. वावर उथळ खडकांपासून हजार मीटरपेक्षा खोल पाण्यापर्यंत. वीण मात्र आयुष्यात एकदाच आणि खोल समुद्रात. तयारी होताना खाणे थांबते, दात गळतात, हाडांतला चुना कमी होतो. मत्स्यालयातल्या माद्यांत हे बदल डोळ्यांदेखत घडतात. मादी लाखो अंडी घालते आणि मरते. अळी पानासारखी चपटी, पारदर्शक. रूपांतर होताना ती आधी आखडते. किनाऱ्यालगत पकडलेल्या काँगरची वीण झालेलीच नसते, ही या मासेमारीची खरी अडचण.

गळ लावताना बांगड्याचा किंवा माकुलाचा तुकडा तळाशी सोडतात. दोर जाड हवा, दातांनी बारीक दोर तुटतो. मासा लागला की लगेच तळापासून उचलावा. शेपटीने खडकाला विळखा घातला, तर दोर तुटेल पण मासा सुटणार नाही. पृष्ठभागाशी आल्यावर तो गिरक्या घेतो, म्हणून फिरती कडी लावतात.

डोक्यापासून गुदद्वारापर्यंतच्या भागात काटे कमी, तोच तुकडा महाग. शेपटीकडचा भाग काट्यांनी गच्च भरलेला, तो रश्श्यापुरता. कच्चे रक्त विषारी असते; शिजवल्यावर विष नाहीसे होते. स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरच्या गॅलिसियातल्या मुशिया गावी मासा उभा चिरून, सुरीने भोके पाडून, मीठ न लावता लाकडी मांडवांवर वाळवतात. भोकांतून वारा खेळला नाही, तर जाड मांस आतून कुजते. हा सुका काँगर स्पेनच्याच अंतर्भागातल्या दूरच्या कालातायुदला जाई, कारण तिथून जहाजांसाठी हेंपचे (भांगेच्या झाडाच्या वाखाचे) दोर येत. समुद्र नसलेल्या त्या गावात काबुली चण्यांबरोबर तो आजही शिजतो. चिलीतला प्रसिद्ध ‘काँग्रिओ’ मात्र वेगळाच मासा, ईलच नव्हे.