कार्बन कॅप्चर उद्योग : कौशल्ये आणि रोजगार

कारखान्याच्या धुरातून किंवा प्रक्रियेतल्या वायूतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणे, तो दाबून वाहून नेणे आणि जमिनीखाली कायमचा जिरवणे किंवा दुसऱ्या उत्पादनात वापरणे, या कामांवर उभा असलेला उद्योग. नाव नवे असले तरी त्यातली बरीचशी कसबे जुनी आहेत. अमाइनच्या (अमोनियापासून बनणाऱ्या, कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या संयुगांच्या) द्रावणाने वायू धुण्याची पद्धत १९३० च्या अमेरिकी पेटंटापासून चालत आली आहे. युरिया बनवणाऱ्या खत कारखान्यात अमोनियाच्या बाजूचा कार्बन डायऑक्साइड काढून, कॉम्प्रेसरने दाबून युरियाकडे पाठवणे हे तर रोजचेच काम. अलिबागजवळच्या थळला अशा प्लांटवर दहा वर्षे काढलेल्या ऑपरेटरला या उद्योगातली निम्मी यंत्रे ओळखीची वाटतील.

नेहमीच्या पद्धतीत मोनोइथेनॉलअमाइनचे सुमारे ३० टक्के द्रावण अ‍ॅब्सॉर्बरमध्ये, म्हणजे वायू धुण्याच्या मनोऱ्यात, वरून पडते आणि थंड केलेला धूर खालून चढतो. वायू पिऊन ‘रिच’ झालेले द्रावण स्ट्रिपर या दुसऱ्या मनोऱ्यात १२० अंशांच्या आसपास तापवले की वायू सुटतो, आणि ‘लीन’ द्रावण पुन्हा फेरीला लागते. कागदावर एवढेच. शिफ्टमध्ये मात्र अ‍ॅब्सॉर्बरच्या खालच्या-वरच्या दाबातला फरक चढू लागला की नियंत्रणकक्षातल्या अनुभवी पॅनेलवाल्याला आधी द्रावणाला फेस आल्याची शंका येते. तो फेसनाशकाचा डोस सोडायला सांगतो आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ते लॉगबुकात पाहतो. प्रयोगशाळेतला केमिस्ट द्रावणाचा नमुना टायट्रेट करून ताकद तपासतो. द्रावणाचा रंग काळपट होऊ लागला असेल तर आकडा येण्याआधीच त्याला अमाइन नासल्याची शंका येते.

खत कारखान्याचा अनुभव इथेच अपुरा पडतो. तिथला वायू स्वच्छ आणि दाबाखालचा असतो. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२ ते १५ टक्के, दाब जवळजवळ हवेइतकाच, आणि सोबत राख, सल्फर डायऑक्साइड, ऑक्सिजन. कॅनडातल्या बाउंडरी डॅम केंद्रावर २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्लांटला राखेने आणि अमाइनच्या नासण्याने सुरुवातीची काही वर्षे चांगलेच छळले. म्हणून गंज, धातूंचे गुणधर्म आणि उष्णतेचा हिशेब जाणणाऱ्या इंजिनिअरला इथे मागणी असते. एक टन वायू सोडवायला लागणारी वाफ हाच खर्चाचा मोठा भाग.

जमिनीखालचे काम वेगळ्या माणसांचे. नॉर्वेच्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टनांपर्यंत वायू समुद्रतळाखालच्या खाऱ्या वालुकाश्मात सोडला गेला, आणि तो कुठवर पसरला हे वारंवार भूकंपीय सर्वेक्षण करून पाहिले गेले. ही विद्या तेलक्षेत्राची : ड्रिलिंग, विहिरीचे सिमेंटिंग, वायू साठवणाऱ्या खडकाचे प्रतिमान. आइसलँडमध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. तिथल्या प्रयोगात ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत खनिज बनले. दख्खनचा काळा कातळही बेसाल्टच, म्हणून आपल्याकडच्या भूशास्त्रज्ञांचे त्याच्याकडे लक्ष आहे. वेरूळ-अजिंठ्याला विकायला ठेवलेले पांढरे-गुलाबी स्फटिक याच कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेले असतात. पण पोकळ्या दिसल्या म्हणून साठवण जमेलच असे नाही. भेगा एकमेकींना किती जोडलेल्या आहेत ते तपासावे लागते.

सुरक्षेचे कसब दुर्लक्षित राहते. हा वायू जळत नाही, म्हणून निर्धोक समजला जातो; पण तो हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेत मिसिसिपीतील सटार्शिया गावाजवळ पाइपलाइन फुटली तेव्हा ४५ जणांना दवाखान्यात न्यावे लागले, आणि ऑक्सिजनअभावी गाड्यांची इंजिनेही बंद पडली.

नोकऱ्यांचा भरवसा रसायनापेक्षा धोरणावर टिकून आहे. टेक्सासचा पेट्रा नोव्हा प्लांट धरलेला वायू तेल उपसण्यासाठी तेलक्षेत्राकडे पाठवत असे. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले, प्लांट थांबला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने भूगर्भात साठवलेल्या टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत दिली, नॉर्वेत सरकारने खर्चाचा मोठा वाटा उचलला, म्हणून तिथे भरती आहे. भारतात प्लांट अजून छोटे आहेत : टाटा स्टीलचा जमशेदपूरला रोज ५ टनांचा, एनटीपीसीचा विंध्याचलला रोज २० टनांचा. तुतिकोरिनला मात्र २०१६ पासून बॉयलरच्या धुरातला वायू सोडा अ‍ॅशसाठी वापरला जाऊ लागला. ते तंत्र आयआयटी खरगपूरच्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेल्या कंपनीचे. संशोधनासाठी मुंबईच्या आयआयटीत राष्ट्रीय केंद्र आहे.

त्यामुळे फक्त ‘कार्बन कॅप्चर’ शिकवणाऱ्या झटपट अभ्यासक्रमाला पैसे भरण्यात फारसा अर्थ नाही. आयटीआयचा ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेड, केमिकल किंवा पेट्रोकेमिकलची पदविका, भूभौतिकी, इन्स्ट्रुमेंटेशन यांपैकी एक पाया पक्का असला की प्लांट थांबला तरी रिफायनरीत, खत कारखान्यात काम मिळते. सध्या भारतात लवकर जागा निघू शकतात त्या मोजमापाच्या आणि पडताळणीच्या. युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी, म्हणजे आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनावरचे शुल्क, जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली असून पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खते निर्यात करणाऱ्यांना उत्सर्जनाचा टनाटनाचा हिशेब द्यावा लागतो. त्यासाठी मीटरचे कॅलिब्रेशन आणि इंधनाच्या नोंदी पडताळून पाहणारा माणूस लागतो, कॅप्चरचा प्लांट असो वा नसो.