राष्ट्रपतींची अप्रत्यक्ष निवडणूक (भारत)

भारताच्या राष्ट्रपतींना मतदार थेट निवडून देत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून ही निवड करतात. या समूहास निर्वाचकगण म्हणतात. दिल्ली व पुदुच्चेरी येथील विधानसभांचा त्यात समावेश ७०व्या घटनादुरुस्तीने (१९९२) झाला. नामनिर्देशित सदस्यांना व विधान परिषदेच्या सदस्यांना मताधिकार नाही. म्हणून महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आमदार मतदान करतात, परिषदेचे ७८ करत नाहीत.

उगम : ही पद्धत आयर्लंडकडून घेतली असे अनेक पाठ्यपुस्तकांत व स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिकांत आढळते. ते अंशतःच खरे मानावे लागते. आयर्लंडच्या १९३७च्या संविधानात राष्ट्राध्यक्षाची निवड जनतेच्या थेट मतदानाने होते. अनुच्छेद ५५(३) मधील ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’, ‘एकल संक्रमणीय मत’ (एकच मत, पण पसंतीक्रमानुसार पुढील उमेदवाराकडे वळवता येणारे) आणि गुप्त मतदान ही शब्दयोजना आयरिश तरतुदीशी जवळजवळ जुळते, पण ती मते मोजण्याच्या रीतीपुरती. निर्वाचकगणाची कल्पना अमेरिकेकडून आली म्हणावे, तर तेथील निर्वाचक केवळ त्या एका कामासाठी निवडले जातात. भारतात मात्र आधीच निवडून आलेले आमदार व खासदार हे काम करतात. केंद्र व घटकराज्ये या दोहोंच्या प्रतिनिधींना तुल्यबळ वजन देण्याची रचना संविधान सभेतच घडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुलै १९४७ मध्ये सभेपुढे आलेल्या संघ संविधान समितीच्या अहवालात तिचा मुख्य आराखडा दिसतो.

थेट की अप्रत्यक्ष : डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेचे सदस्य के. टी. शाह यांनी प्रौढ मताधिकाराने थेट निवडणुकीची दुरुस्ती सुचवली. राष्ट्रपती पक्षांच्या बहुमताचा नव्हे, तर सार्वभौम जनतेचा प्रतिनिधी असावा, अशी त्यांची भूमिका होती. ती दुरुस्ती फेटाळली गेली. खरी सत्ता मंत्रिमंडळ व विधिमंडळाकडे असताना राष्ट्रपती कोट्यवधींच्या मतांवर निवडून आणला, तर त्या सत्तेला शह बसेल, ही जवाहरलाल नेहरूंची मांडणी होती. प्रचंड मतदारसंख्येची व्यावहारिक अडचण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही पुढे केली. ही अडचण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर (सु. १७ कोटी मतदार) फारशी टिकत नाही. नेहरूंच्या युक्तिवादावरही आयर्लंड व ऑस्ट्रिया यांचा दाखला देऊन आक्षेप घेता येतो, कारण तेथे राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जाऊनही संसदीय पद्धत टिकून आहे. तरीही भारतात मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर ४२व्या दुरुस्तीने (१९७६) स्पष्ट शब्दांत बंधनकारक झाला आहे. देशभर प्रचार करून, आश्वासने देऊन निवडून आलेल्या व्यक्तीला ती आश्वासने पाळण्याचा अधिकारच नसेल, तर तो मतदारांवर अन्याय ठरेल. सध्याची पद्धत ठेवण्याच्या बाजूने हे कारण सर्वांत वजनदार आहे.

मतमूल्य : राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागून येणाऱ्या भागाकारात जितके हजार, तितके एका आमदाराचे मतमूल्य, बाकी पाचशे वा अधिक उरल्यास एक वाढवतात. महाराष्ट्राची १९७१ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ ने भागल्यास सु. १,७५,०४२ येतात, म्हणून मूल्य १७५. गोव्यात ते २०, उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागून खासदाराचे मूल्य ठरते. २०२२ मध्ये ५,४३,२३१ भागिले ७७६, म्हणजे ७०० आले.

लोकसंख्येचा आकडा १९७१वर गोठवला तो ४२व्या दुरुस्तीने. ८४व्या दुरुस्तीने (२००१) या गोठवणीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. कुटुंबनियोजन यशस्वी केलेल्या राज्यांचे वजन घटू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे समप्रमाणाचे तत्त्व अर्धशतकाहून जुन्या लोकसंख्येवर उभे राहिले आहे, आणि थेट निवडणुकीच्या वादापेक्षा हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

मतदान व मोजणी : खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी मतपत्रिका मिळते. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. ते देवनागरीसह कोणत्याही भारतीय भाषेतील अंकांत चालतात, अक्षरांत लिहून चालत नाहीत. वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्याहून अधिक मूल्य मिळेपर्यंत शेवटचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढील पसंतीनुसार वाटतात. पद एकच असल्याने यास ‘प्रमाणशीर’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या सैल आहे. हा पर्यायी मताचाच प्रकार होय.

पुढील पसंतीपर्यंत मोजणी पोचल्याचे ठळक उदाहरण १९६९चे. व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मते (मूल्याने) मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे ते हेच देशमुख. अखेरीस गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. गिरी दुसऱ्या पसंतीवर तरले असे सर्रास म्हटले जाते, पण आकडे वेगळे सांगतात : फेरवाटपात गिरींच्या पदरात १८,५६२ पडली, तर रेड्डींच्या ९१,८७९. गिरींना तारले ते पहिल्या पसंतीच्या आघाडीने.

निर्वाचकगणातील जागा रिक्त असल्याच्या कारणावरून निवडणुकीस आव्हान देता येत नाही, असे ११व्या दुरुस्तीने (१९६१) ठरवले. गुजरात विधानसभा विसर्जित असताना १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निवडणूक मुदतीत घ्यावी, असा अभिप्राय दिला. २०२२ची निवडणूक जम्मू-काश्मीरमध्ये विधानसभा नसताना पार पडली.