ल्युपस आहे? नवा चष्मा करण्याआधी हे वाचा

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. त्याचे ग्राहक आमच्या चष्म्याच्या दुकानात आले की बहुतेकदा म्हणतात, "अंधूक दिसतंय, नंबर वाढला असेल." कधी वाढलेला असतोही. पण पुष्कळदा दोष नंबराचा नसतो, म्हणून आम्ही आधी चौकशा करतो. कंटाळू नका.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पापण्या मिटून उघडल्या की अक्षर क्षणभर लख्ख दिसतं? मग तो बहुधा कोरडेपणा. डोळ्यांचे डॉक्टर खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात. पाच मिनिटांत ती 5 मिमीही भिजली नाही, तर अश्रू फारच कमी आहेत. कोरडेपणाचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा.

ल्युपससाठी घेतलेल्या स्टेरॉइडचा घोळ वेगळा, त्याने साखर वाढू शकते, मोतीबिंदू आणि काचबिंदूही होऊ शकतो. साखर वाढली की नंबर हलतो. अशा वेळी आम्ही चष्मा करून देत नाही, साखर स्थिरावेपर्यंत थांबायला सांगतो. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकून दिसत असेल, तर मोतीबिंदू तपासून घ्या. काचबिंदू मात्र गुपचूप येतो, त्यासाठी डोळ्याचं प्रेशर मोजावंच लागतं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. गोळी चांगली आहे, ल्युपस आटोक्यात ठेवते. प्रश्न मात्रेचा. वजनाच्या दर किलोला रोज 5 मिग्रॅपेक्षा जास्त नको, म्हणजे 50 किलोच्या बाईला 250. रोज 400 चालू असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. पहिल्या वर्षात डोळ्याचा पडदा एकदा तपासायचा, पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या टप्प्यात कुठे-कुठे दिसतं ते तपासणं). मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याआधीपासूनच. पडद्याला झालेली इजा भरून येत नाही आणि सुरुवातीला ती जाणवतही नाही. पण घाबरून गोळी मनानेच बंद करू नका, ल्युपस उसळतो.

एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं, किंवा डोळा लाल होऊन आतून ठणकू लागला, तर आमच्याकडे येऊच नका. त्याच दिवशी डोळ्यांचं हॉस्पिटल गाठा. दिसणं अचानक गेलं असेल, तर पडद्याच्या रक्तवाहिनीत सूज किंवा गुठळी असू शकते. कारण पाहून स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी किंवा रक्त पातळ करणारी औषधं, डोळ्यातलं इंजेक्शन किंवा लेसर, असे उपचार होतात.

गडद काचा आम्ही विकतो, पण त्याने ल्युपस बरा होत नाही. उन्हाचा त्रास कमी होतो, एवढंच.

येताना जुना चष्मा, गोळ्यांची पाकिटं आणि शेवटच्या ओसीटीचा कागद आणा. सकाळी थेंब घातले असतील तर तेही सांगा.