पिल्लू घरी आल्यानंतरचे पहिले चार महिने
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरी कुत्र्याचे पिल्लू आले आहे किंवा येत्या काही दिवसांत येणार आहे, म्हणून हे पत्रक आम्ही आपल्या हाती देत आहोत. सांगलीतील आमच्या लहानशा दुकानात पट्टा, खाद्य, ब्रश घेण्यासाठी जे येतात, ते वस्तूंपेक्षा प्रश्नच अधिक घेऊन येतात. पिल्लू दिवसभर झोपते, म्हणजे अशक्त आहे का. झोपेत पाय झाडते आणि कण्हते, ते फिट आल्यामुळे का. त्याला सारखी उचकी का लागते. अंग हाताला गरम लागते, तर ताप असेल का. अशा बहुतेक प्रश्नांना आमचे उत्तर एकच असते की, पिल्लू उत्तम वाढत आहे. मात्र थोड्या गोष्टी अशाही आहेत की, त्यांत एका दिवसाची चालढकल पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. या दोहोंतला फरक आपल्याला घरच्या घरी ओळखता यावा, यासाठी हे लिहिले आहे.

पहिली गोष्ट वयाची. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान बंद असतात; डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला ऐकू येऊ लागते. त्यानंतरचा महिनाभर ते आई आणि भावंडांच्या सहवासात एक फार मोलाची गोष्ट शिकते. आपण जोरात चावलो की भावंड ओरडते आणि खेळ थांबतो, हा धडा त्याला माणसांकडून इतक्या सहज मिळत नाही. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास 2017 च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. महिनाभराचे, आईपासून लवकर तोडलेले पिल्लू अधिक गोंडस दिसते हे खरे. परंतु पैसे देऊन ते आणू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. रस्त्यावर आई गमावलेले गावठी पिल्लू आपण घरी आणले असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे आणि दूध कोणते, किती व कितीदा द्यायचे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

पहिल्या तीन-चार रात्री पिल्लू रडते. जन्मापासून ते कधीच एकटे झोपलेले नसते, त्यामुळे हे रडणे हट्टाचे नसून भीतीचे असते. त्याला अंगणात, जिन्याखाली किंवा गच्चीवर ठेवू नये. एक खोका घ्यावा, त्यात जुनी चादर घालावी आणि तो आपल्या पलंगाशेजारी ठेवावा. आईच्या अंगाखालचे एखादे फडके आणता आले, तर ते खोक्यात जरूर घालावे. रात्री त्याने हालचाल केली की हात खाली सोडून त्याला नुसता स्पर्श करावा. बहुतेक पिल्ले तेवढ्याने शांत होतात. लाड केल्याने ते बिघडेल ही समजूत या वयाला लागू पडत नाही. या आठवड्यात ज्याला सोबत मिळाली, ते पिल्लू पुढे एकटे राहायलाही लवकर शिकते, असा आमचा अनुभव आहे.

झोपेविषयी निर्धास्त असावे. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते आणि त्याची वाढ या झोपेवर अवलंबून असते, म्हणून घरातल्या मुलांना त्याला उठवू न देणे महत्त्वाचे आहे. झोपेत पाय हलणे, ओठ थरथरणे, बारीक भुंकणे हे सर्व स्वाभाविक आहे. उचकीही तशीच आपोआप थांबते. संध्याकाळी ते एकाएकी कान मागे टाकून, पार्श्वभाग खाली घेऊन खोलीभर सुसाट धावत सुटते आणि पाच मिनिटांनी तिथेच आडवे होते. हे पाहून घाबरलेल्या ग्राहकांनी आम्हाला रात्री फोनही केले आहेत. तो निव्वळ साठलेला उत्साह असतो. टाइल्सवर पाय घसरून सांधे दुखावू नयेत म्हणून त्या वेळी सतरंजी अंथरावी आणि तो सोहळा डोळे भरून पाहावा. अंगाच्या उष्णतेबद्दल सांगायचे, तर कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे निरोगी पिल्लूही आपल्या हाताला गरमच लागते. नाक कोरडे की ओले, यावरून तापाचा अंदाज बांधू नये.

चावणे ही सर्वांत मोठी तक्रार. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या सळसळतात आणि समोर दिसेल ते चघळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पडलेले दात ते बहुधा गिळून टाकते, त्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. परंतु एखाद्या सकाळी चपलेच्या पट्ट्यात तांदळाएवढा दात अडकलेला आणि शेजारी रक्ताचा ठिपका दिसला, तर घाबरू नये. तो दात जपून ठेवणारी बरीच घरे आमच्या माहितीत आहेत. उभ्या कानांच्या जातींत याच सुमारास एक कान उभा आणि एक पडलेला, असे काही आठवडे चालते. चपला उचलण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. घरातल्या सर्व वस्तूंमध्ये आपला वास सर्वाधिक चपलेला असतो, आणि आपण बाहेर गेल्यावर पिल्लू तो वास शोधत जाते. चपला उंचावर ठेवाव्यात आणि त्याला ओले करून फ्रीजरमध्ये गार केलेले, पीळ घातलेले फडके चघळायला द्यावे. फडक्याचे तुकडे तुटू लागले की ते काढून घ्यावे. हाताला चावले की न ओरडता खेळ थांबवून अर्धा मिनिट पाठ फिरवावी. मारल्याने ते चावायचे थांबत नाही, फक्त हाताला भिऊ लागते, आणि तो धाक पुढे वर्षानुवर्षे राहतो.

शू-शीच्या सवयीला संयम लागतो. ढोबळ हिशेब असा की, पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एक तास अधिक, एवढाच वेळ ते दिवसा फार तर रोखून धरू शकते. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला दर वेळी ठरलेल्या एकाच जागी न्यावे आणि काम झाल्याच्या क्षणी शाबासकी द्यावी. घरात चूक झाली तर तोंड तिथे घासणे, ही जुनी रीत कृपया सोडून द्यावी. झालेल्या गोष्टीचा आणि शिक्षेचा संबंध त्याला कळत नाही, आणि मग ते पलंगाखाली लपून शू करू लागते. फिनेलने आपल्यापुरता वास झाकला जातो, पण पिल्लाच्या नाकाला ती जागा पुन्हा सापडते. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून ते पाय चाटते. त्याऐवजी साबणाच्या पाण्याने जागा नीट धुऊन कोरडी करावी.

आता खाण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण प्रेमाने केलेल्या चुका येथेच सर्वाधिक होतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खाणे द्यावे. फार लहान चणीच्या जातींच्या पिल्लांनी एक-दोन वेळा खाल्ले नाही, तर रक्तातील साखर उतरून ती गळून पडतात, तेव्हा त्यांच्या वेळा चुकवू नयेत. दूध-भाकरी हे आपल्याकडचे पिल्लाचे परंपरागत अन्न आहे. पण आईचे दूध सुटल्यावर दुधातील साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होत जाते आणि गाई-म्हशीच्या दुधाने अनेकांना हगवण लागते. वाढीसाठी प्रथिने हवीत, ती भाकरीतून पुरेशी मिळत नाहीत. शाकाहारी घरांतून आम्हाला संकोचाने विचारले जाते, त्यांना आम्ही सांगतो की घरी अंडे शिजवणे शक्य नसेल, तर पिल्लांसाठीचे संतुलित तयार खाद्य द्यावे, नुसत्या दूध-भातावर त्याला वाढवू नये.

आपल्या भागासाठी एक इशारा ठळकपणे देणे आवश्यक वाटते. तासगावच्या बेदाण्यांनी आपले डबे वर्षभर भरलेले असतात आणि द्राक्षांच्या हंगामात घरोघरी पेट्या येतात. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यात निराळे असते, त्यामुळे "दोनच तर दिले" असे समाधान मानता येत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा पिल्लाला श्रद्धेने भरवला जातो, त्यातही बेदाणे असतात. प्रसादाऐवजी त्या दिवशी त्याला उकडलेल्या रताळ्याचा तुकडा द्यावा. कांदा आणि लसूण कच्चे असोत वा शिजवलेले, ते रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, म्हणून रश्श्यात कालवलेली चपाती देऊ नये. शिजलेले हाड कपच्या होऊन आतड्यात रुतते. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगमही विषारी आहे. यांपैकी काही पोटात गेले, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकांकडे जावे. आपल्या औषधाच्या डब्यातली तापाची वा अंगदुखीची गोळी पिल्लाला कधीही देऊ नये. कॅल्शियमचे सिरप आमच्या कपाटात आहे, तरीही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आम्ही ते देत नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांत जास्तीच्या कॅल्शियमने हाडे मजबूत होण्याऐवजी वेडीवाकडी वाढतात.

लसीचे इतके डोस कशासाठी, असे पुष्कळ जण विचारतात. पहिल्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लाला मिळते आणि ती अंगात असेपर्यंत लसीचा परिणाम होऊ देत नाही. ही उसनी शक्ती कोणत्या आठवड्यात संपेल, हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. त्यामुळे सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस दिले जातात, आणि म्हणूनच शेवटचा डोस टाळणे सर्वांत धोक्याचे असते. या लसी ज्यांपासून वाचवतात, त्यांपैकी पार्व्हो हा विषाणूमुळे होणारा रोग 1978 मध्ये जगभर पसरला. उलट्या, रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण आणि खाणे बंद होणे ही त्याची लक्षणे आहेत. यातले काही दिसले तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला दवाखाना गाठावा. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. ज्या घरी या रोगाने आधीचे पिल्लू गेले असेल, त्यांनी नवे पिल्लू आणण्यापूर्वी आम्हाला किंवा डॉक्टरांना अवश्य विचारावे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते आणि वर्षभराने पुन्हा द्यावी लागते. पिल्लाचा दात लागून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावी. ते लहान आहे, घरचे आहे, म्हणून दुर्लक्ष करू नये.

जंताचे औषध वेळापत्रकाप्रमाणे द्यावे, कारण जंत आईच्या पोटातूनच पिल्लाकडे येतात आणि लहान मुलांनाही होऊ शकतात. गोचिडांसाठी गोठ्यातले, जनावरांवर मारायचे औषध पिल्लाच्या अंगावर कधीही लावू नये.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवणे हीही चूकच ठरते. साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात ज्या गोष्टी त्याने शांतपणे अनुभवल्या, त्या आयुष्यभर त्याला ओळखीच्या वाटतात. म्हणून त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रोज बाहेर न्यावे. मंडईचा कोलाहल, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, पत्र्यावरचा पाऊस, कुकरची शिट्टी, आरतीची झांज, हे सर्व त्याला दुरून आणि थोडेथोडे दाखवावे. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपासचे. ढोल-ताशाच्या पथकासमोर त्याला एकदम उभे करणे म्हणूनच क्रूर आहे. दिवाळीत आतली खोली, बंद खिडक्या आणि आपल्यापैकी कोणाची तरी सोबत एवढे त्याला पुरते.

या सगळ्या जबाबदारीत आनंदाचे क्षण नकळत येऊन जातात, तेव्हा ते टिपून ठेवावेत. ते पहिल्यांदा भुंकते तेव्हा स्वतःच दचकून मागे पाहते. एके दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना आपण नाव उच्चारतो आणि ते खेळणे टाकून धावत येते. गल्लीतल्या पन्नास दुचाकींमधून आपल्या गाडीचा आवाज ते ओळखू लागते, आणि घरच्यांना आपण येण्याआधीच दाराकडे धावून वर्दी देते. एका आजींनी आम्हाला सांगितले की, आजोबा गेल्यापासून पहाटे उठण्याचे कारणच उरले नव्हते, ते आता साडेपाचला पायाशी येऊन उभे राहते. सहा महिन्यांनंतर काही काळ शिकवलेले सारे विसरल्यासारखे ते वागेल. तो वयाचा भाग आहे, शिकवणे चालू ठेवावे.

खरेदीसंबंधी शेवटी थोडेसे. सुरुवातीला मऊ पट्टा, हलकी दोरी, जड बुडाची दोन भांडी, एक ब्रश आणि चघळण्याची दोन खेळणी पुरतात. दोन बोटे सहज सरकतील एवढा पट्टा सैल असावा आणि तो दर आठवड्याला तपासावा, कारण मान आपल्या अंदाजापेक्षा लवकर भरते. महागडे बिछाने आणि मोठे पट्टे दात बदलून होईपर्यंत घेऊ नयेत. दुकानातील वजनकाटा आपल्या पिल्लासाठी नेहमी विनामूल्य आहे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत मात्र त्याला फरशीवर न सोडता कडेवर घेऊनच आत यावे. काट्यावर प्रत्येक पिल्लासाठी आम्ही स्वच्छ कागद अंथरतो. येताना लसीची वही सोबत आणावी, म्हणजे त्या दिवसाचे वजन तिच्यात लिहून देता येईल.